नेमणूक कोणी केली ते विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अमेरिकेतील न्यायाधीश-निवडीवरचा आपल्याकडचा लेख आणि त्यावर आलेली वाचकपत्रे वाचली. फ्लोरिडातील न्यायाधीश नामनिर्देशन समितीवर (म्हणजे न्यायाधीशपदासाठी गव्हर्नरला नावे सुचवणाऱ्या समितीवर) कॅथलिक विद्यापीठातले, उघडपणे श्रद्धाळू असलेले राज्यशास्त्राचे प्राध्यापक बसतात, यावर एका वाचकाने ‘मग चर्चनेच न्यायाधीश नेमावेत की!’ असा टोला हाणला आहे. टोला खमंग आहे, पण नेम चुकला आहे. मी वसईचा, कॅथलिक, आणि उभी नोकरी राज्यशास्त्र शिकवण्यात घालवलेला. तेव्हा माझा कल कुठे असणार हे आधीच सांगून टाकतो आणि मग वाद घालतो.

या समित्या आल्या कुठून ते आधी पाहू. अमेरिकेतील पुष्कळ राज्यांत न्यायाधीश निवडणुकीत उभे राहतात, प्रचार करतात, देणग्या गोळा करतात. मिसूरी राज्यात हा प्रकार इतका हाताबाहेर गेला की कॅन्सस सिटीचे पुढारी टॉम पेंडरगास्ट यांची मर्जी सांभाळल्याशिवाय न्यायासनावर टिकणे अवघड झाले. अखेर १९४० मध्ये तिथल्या मतदारांनीच घटनादुरुस्ती करून नवी पद्धत आणली. वरिष्ठ न्यायालयांसाठी सात जणांची समिती : वकिलांनी निवडून दिलेले तीन वकील, गव्हर्नरने नेमलेले तीन नागरिक, आणि अध्यक्षस्थानी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश. समितीने तीन नावे द्यायची, गव्हर्नरने त्यातले एक ६० दिवसांत निवडायचे, नाही निवडले तर समितीच निवडणार. पुढे त्या न्यायाधीशाला ठेवायचे की नाही, यावर लोक मत देतात. ते तीन नागरिक वकील असता कामा नयेत, असा दंडकच आहे. त्यामुळे ‘कायद्याची पदवी नसलेला प्राध्यापक तिथे काय करतो’ या दुसऱ्या वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर ऐंशी वर्षांपूर्वीच देऊन झाले आहे. वकिलांनी वकिलांमधून वकिलांसाठी न्यायाधीश निवडू नयेत म्हणून बाहेरची माणसे मुद्दाम बसवली गेली.

फ्लोरिडाने हीच वाट धरली. गव्हर्नर रूबिन ॲस्क्यू यांनी १९७१ मध्ये आदेश काढून समित्या नेमल्या आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याच्या घटनेत गेल्या. नऊ सदस्यांची वाटणी मोठी सुरेख होती : तीन गव्हर्नरचे, तीन वकील संघटनेचे, आणि या सहा जणांनी मिळून निवडलेले तीन सामान्य नागरिक. दरम्यान तिथल्या सर्वोच्च न्यायालयातच भानगडी उघडकीला आल्या, १९७५ मध्ये दोन न्यायाधीशांना घरी जावे लागले, आणि १९७६ मध्ये वरच्या न्यायालयांच्या निवडणुका बंद करून तिथल्या नेमणुकाही या समित्यांमार्फत होऊ लागल्या.

खरी ग्यानबाची मेख २००१ मध्ये आहे. जेब बुश गव्हर्नर असताना कायदा बदलला. आता नऊच्या नऊ सदस्य गव्हर्नर नेमतात. पाच थेट, आणि चार वकील संघटनेने दिलेल्या यादीतून. ती यादीही गव्हर्नर नाकारू शकतात आणि ‘दुसरी आणा’ म्हणू शकतात. पुढे गव्हर्नर झालेल्या रिक स्कॉट यांनी अशा याद्या खरोखरच परत पाठवल्या. समितीने तीन ते सहा नावे द्यायची, आणि त्यातून न्यायाधीश कोण नेमणार? तेच गव्हर्नर! म्हणजे मुलाकडच्यांनीच मध्यस्थ नेमायचा आणि मग ‘मध्यस्थाने सुचवलेलीच मुलगी केली बरं का’ असे गावभर सांगायचे.

आपल्या वाचकाने टोला हाणायचा तो इथे. त्या प्राध्यापकांच्या गळ्यात क्रूस आहे की नाही, यापेक्षा त्यांच्या नेमणूकपत्रावर कोणाची सही आहे, हे महत्त्वाचे आहे. उद्या त्यांच्या जागी कट्टर नास्तिक प्राध्यापक बसवला आणि तोही गव्हर्नरच्याच मर्जीतला असला, तर निघणारी यादी फारशी वेगळी असेल असे मला वाटत नाही.

‘पण कॅथलिक माणूस पोपचे ऐकणार’ ही शंका जुनी आहे. विल्यम ब्रेनन यांना १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांनी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर नेमले, त्यानंतर १९५७ मध्ये सिनेटच्या सुनावणीत त्यांना पोप आणि संविधान यांच्यातल्या निष्ठेबद्दल विचारले गेले. आपण बांधील आहोत ते संविधानाच्या शपथेला, असे त्यांनी सांगितले. आणि मग काय झाले? १९७३ मध्ये गर्भपाताचा हक्क मान्य करणाऱ्या बहुमतात हेच ब्रेनन होते. त्याच निकालावर पुढे आयुष्यभर तुटून पडलेले न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया हेही कॅथलिकच. २०२२ मध्ये तो निकाल रद्द झाला, तेव्हा बहुमताचा निकाल लिहिणारे सॅम्युएल अलिटो कॅथलिक आणि त्याविरुद्ध मत नोंदवणाऱ्या सोनिया सोटोमायर याही कॅथलिक कुटुंबात वाढलेल्या. एकाच प्रार्थनेने वाढलेली ही माणसे. बाप्तिस्म्याचा दाखला पाहून निकालाचा अंदाज बांधणाऱ्यांनी पैजा लावल्या असत्या तर कफल्लक झाले असते.

फ्लोरिडाचेच पाहा. पोप फ्रान्सिस यांनी २०१८ मध्ये धर्मशिक्षणाच्या ग्रंथात बदल करून मृत्युदंड अस्वीकार्य ठरवला. फ्लोरिडाचे बिशप प्रत्येक मृत्युदंडाआधी दयेसाठी पत्र लिहितात. आणि रॉन डिसँटिस हे कॅथलिक गव्हर्नर मृत्युदंडाच्या आदेशांवर सह्या करत जातात. २०२५ मध्ये तर १९७६ नंतरचे राज्यातले सगळे उच्चांक मोडले. बिशपांचे पत्र कुठल्या फायलीत जाते, देव जाणे. आमच्या वसईतही बाहेरच्यांचा समज असतो की पाद्री सांगतील तिकडे गठ्ठ्याने मते पडतात. निवडणुकीच्या दिवसांत रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात पाच मिनिटे उभे राहावे. भाऊ भावाशी, व्याही व्याह्याशी कसे हातघाईवर येतात ते दिसेल.

अमेरिकेच्या संविधानाच्या सहाव्या अनुच्छेदात सरकारी पदासाठी धर्माची कसोटी लावता येणार नाही असे स्वच्छ लिहिले आहे. तरी २०१७ मध्ये ॲमी कोनी बॅरेट या कॅथलिक विद्यापीठातल्या कायद्याच्या प्राध्यापिकेला, अपील न्यायालयावरील नेमणुकीच्या सुनावणीत, सिनेटर डायॅन फाइनस्टाइन यांनी तिच्या श्रद्धेवरून छेडलेच. त्याने साधले काय? श्रद्धाळू मंडळींना आयतेच कोलीत मिळाले, आणि ज्या खऱ्या प्रश्नावर तिला घेरता आले असते तो त्या गदारोळात झाकोळला. तो प्रश्न तिच्याच लेखनात होता. मृत्युदंडाच्या खटल्यांत कॅथलिक न्यायाधीशाने काय करावे, यावर तिने १९९८ मध्ये सहलेखकाबरोबर निबंध लिहिला होता आणि सद्सद्विवेक आड येत असेल तर न्यायाधीशाने खटल्यातून बाजूला व्हावे असे म्हटले होते. निबंधाचा विषय सुनावणीत निघालाही, पण ‘हे अजून मानता का, आणि कोणकोणत्या खटल्यांना लावता’ एवढे विचारून, उत्तर नोंदवून तिथेच थांबायचे होते. धर्माची चौकशी न करता माणसाला पेचात धरता येते, ते असे.

श्रद्धेचा धोका मुळीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. तो टेबलाच्या दुसऱ्या, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्यांच्या, बाजूला असतो. वीसेक वर्षांपूर्वी फ्लोरिडातल्याच एका समितीत उमेदवारांना ‘तुम्ही देवाला भिऊन वागता का’ अशा अर्थाचे प्रश्न विचारले गेले आणि त्यावर गदारोळ उठला. तो योग्यच होता. समितीवरचा प्राध्यापक रोज प्रार्थना करो, उपास करो, त्याचा तो मुखत्यार. पण न्यायासनासाठी अर्ज केलेल्या वकिलाला त्याने देवाबद्दल अवाक्षर विचारले, तर त्याला त्याच दिवशी समितीवरून काढावे. माझ्या धर्माचा असला तरी, किंबहुना म्हणूनच आधी.

हा गदारोळ उठू शकला, कारण फ्लोरिडाच्या घटनेनुसार समितीची आपसातली अंतिम चर्चा सोडली तर बाकी कामकाज आणि कागदपत्रे जनतेला खुली असतात. कोणी अर्ज केला, त्यात काय लिहिले, मुलाखतीत काय विचारले, हे कोणाही नागरिकाला पाहता येते. गव्हर्नरने सगळी समिती खिशात घातली तरी ही एक खिडकी उघडी राहिली आहे, आणि हे थोडके नाही.

आता आपल्याकडे वळतो, कारण ज्या वाचकांना फ्लोरिडातल्या प्राध्यापकाची काळजी वाटली त्यांना २०१४ आठवत असेल. संसदेने ९९वी घटनादुरुस्ती करून राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात सरन्यायाधीश, दोन ज्येष्ठ न्यायमूर्ती, कायदामंत्री आणि दोन ‘प्रतिष्ठित व्यक्ती’. यातली एक व्यक्ती अनुसूचित जाती-जमाती, मागासवर्ग, अल्पसंख्याक किंवा महिलांमधून घ्यायची होती. म्हणजे एखादा कॅथलिक राज्यशास्त्राचा प्राध्यापक त्या खुर्चीवर बसणे कागदावर तरी शक्य होते. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी तो आयोग रद्द केला, न्या. चेलमेश्वर यांचे एकट्याचे मत वेगळे. बहुमताला खटकलेल्या गोष्टींत या दोन खुर्च्या होत्याच. प्रतिष्ठित म्हणजे कोण याची व्याख्या नाही, आणि कोणत्याही दोन सदस्यांनी नकार दिला की नाव बाद.

व्याख्या नव्हती हे खरे. दोघांच्या हाती नकाराधिकार देणे घातक होते, हेही मान्य. पण त्यावर उपाय म्हणून बाहेरच्या माणसाला दारच बंद करायला नको होते. मुंबई उच्च न्यायालयासाठी वकील सोमशेखर सुंदरेशन यांचे नाव कॉलेजियमने (नेमणुकांची नावे ठरवणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या गटाने) सुचवले, तेव्हा समाजमाध्यमांवर मते मांडली म्हणून केंद्राने हरकत घेतली. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने ती हरकत जाहीर करून नाव पुन्हा पाठवले, आणि नोव्हेंबरमध्ये नेमणूक झाली. हरकत कागदावर आली म्हणून आपल्याला कळली. ज्यांच्या बाबतीत नाही आली, त्यांची नावे कुठे अडली आणि कशासाठी, हे कोणाला विचारायचे? कॉलेजियमने आता उमेदवारांशी प्रत्यक्ष बोलायला सुरुवात केली आहे, पण त्या खोलीत ना कोणी नागरिक असतो, ना कोणी प्राध्यापक, ना वार्ताहर.

तेव्हा विनंती एवढीच, की या विषयावर आपण पुढचा लेख छापाल तेव्हा सदस्यांच्या धर्माऐवजी तीन रकाने द्यावेत : नेमले कोणी, मुदत किती, आणि मुलाखत उघड्यावर झाली की बंद दाराआड. शेजारीच आपल्या उच्च न्यायालयांच्या नेमणुकांसाठी तेच तीन रकाने आखावेत आणि जे भरता येणार नाहीत ते कोरे छापावेत.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, वसई