दुपारची फेरी सुरू करा : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

मा. परिवहन मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि गावातल्या कितीतरी जणी कुणापुढे हात न पसरता माहेरी, बाजाराला जाऊ लागल्या. त्याबद्दल मनापासून आभार. आता तिकिटासारखंच गाडीच्या वेळेकडेही लक्ष द्या, एवढ्यासाठी हे पत्र.

आमच्या गावातून पहाटे मुक्कामी गाडी सुटते, ती परत येते संध्याकाळी शाळेच्या पोरांना घेऊन. दुपारची फेरी भारमान, म्हणजे गाडीत भरणाऱ्या जागांचं प्रमाण, कमी म्हणून बंद झाली. सासूला बीपीच्या गोळ्यांसाठी तालुक्याला न्यायचं, तर सून चारला उठून स्वयंपाक, डबे, धुणी उरकते. केसपेपर, तपासणी, गोळ्या हे सगळं अकरापर्यंत होऊन जातं. मग पाचच्या गाडीपर्यंत दोघी स्टँडच्या बाकावर. खुरपणीचा रोज बुडतो तो वेगळाच. वडापनं, म्हणजे खासगी जीपनं यावं तर ते फाट्यावरच सोडतं, आणि पुढची चाल म्हातारीच्या गुडघ्यांना झेपत नाही. घरातला पुरुष हेच काम मोटरसायकलवर दोन तासांत करून येतो. पण घरात गाडी एकच, आणि किल्ली त्याच्या खिशात.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांचा दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ त्यात जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. बाईला दवाखाना, बँक, रेशन, केवायसी हे सगळं सकाळचं काम आवरल्यावर आणि रात्रीच्या स्वयंपाकाआधी बसवावं लागतं. नेमकी त्याच वेळेला गाडी नाही.

तिकिटाचं मशीन गाडीत चढलेल्यांनाच मोजतं. गाडी नाही म्हणून जिनं दवाखाना पुढच्या महिन्यावर ढकलला, ती भारमानात कुठं धरायची?

म्हणून मागणी अशी : फेरी बंद करण्याआधी आगारप्रमुखांनी गावच्या महिला सभेत येऊन विचारावं. ही सभा कायद्यानंच ग्रामसभेआधी घ्यावी लागते, वेगळा खटाटोप नको. आणि आमच्यासारख्या गावांना साडेदहाला जाणारी, दीडला परतणारी एक गाडी द्या, लहान असली तरी चालेल. मात्र ती निदान सहा महिने रोज, न चुकता सोडा. आज आहे, उद्या नाही अशा गाडीच्या भरवशावर कुणी आजारी माणसाला घेऊन घराबाहेर पडत नाही.

आपली,
एसटीची एक प्रवासी