डायलिसिसचा शेवटचा अर्धा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आज अर्धा तास लवकर सोडा’ ही विनंती डायलिसिस युनिटमध्ये नेहमीची. रक्त फिल्टरमधून कितीतरी वेळा फिरून गेले, आता काय उरले असेल, असा त्यामागचा समज. म्हणून हे पत्र.

फिल्टर म्हणजे डायलायझर. त्याच्या नळकांड्यात केसासारखे दहा हजारांवर पोकळ तंतू असतात. प्रत्येकाची पोकळी जेमतेम 0.2 मिलिमीटर. तंतूंच्या आतून रक्त मिनिटाला साधारण 300 मिलिलिटर वेगाने जाते, बाहेरून उलट दिशेने डायलिसिसचे द्रावण 500 मिलिलिटर वेगाने. दिशा उलट असल्यामुळे रक्ताला अगदी बाहेर पडतानाही ताजे द्रावणच भेटते आणि युरिया, क्रिएटिनिन ही रक्तातली टाकाऊ द्रव्ये आणि जादा पोटॅशियम शेवटपर्यंत द्रावणात जात राहतात. रक्तपेशी मोठ्या, त्या आतच राहतात.

युरिया झपाट्याने निघतो. फॉस्फेटचे तसे नाही. त्याचा मोठा साठा हाडांत आणि पेशींत. रक्तातले कमी झाले की तिथून ते सावकाश रक्तात उतरते. त्याला मोठा डायलायझर पुरत नाही, वेळच द्यावा लागतो. त्यामुळे युरियाचा रिपोर्ट चांगला आला म्हणून तास कमी करा, हे म्हणणे टिकत नाही. शिवाय डायलिसिसच्या शेवटी तपासणीसाठी रक्ताचा नमुना घेण्यापूर्वी रक्ताचा पंप मिनिटाला 100 मिलिलिटरवर आणून सुमारे 15 सेकंद थांबले नाही, तर नुकतेच साफ झालेले रक्त नमुन्यात मिसळू शकते आणि आकडा खोटाच चांगला दिसतो.

अंगात साठलेले जादा पाणीही डायलिसिसनेच काढतात, त्याचा हिशेब तर त्याहून कडक. वजनाच्या किलोमागे ताशी 13 मिलिलिटरपेक्षा जास्त पाणी काढू नये, असे मानतात. म्हणजे 60 किलोच्या रुग्णाचे ताशी 780, चार तासांच्या नेहमीच्या डायलिसिसमध्ये सुमारे 3.1 लिटर. तेवढेच पाणी साडेतीन तासांत काढायचे तर वेग ताशी 890 च्या आसपास जातो. मशीन ओढेल, पण ते ओढते फक्त रक्तातले पाणी. पायाच्या सुजेतले पाणी रक्तात परत यायला वेळ लागतो. तोवर बीपी पडते, पोटऱ्यांत गोळे येतात, उलटी होते. हृदयाच्या स्नायूलाही रक्त कमी पडते. मग पाणी काढणे थांबवून सलाईन द्यावे लागते, आणि जे काढायचे तेच अंगात राहते. पुढच्या वेळी वजन आणखी जास्त. हे चक्र आम्ही फार जवळून पाहतो.

ज्यांना अजून बऱ्यापैकी लघवी होते, त्यांच्या वेळेबाबत डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. पण तो निर्णय तपासण्या पाहून होतो, बस पकडायची आहे म्हणून नाही. अर्धा तास खरोखर वाचवायचा असेल तर मीठ कमी करा: मीठ कमी तर तहान कमी, आणि दोन डायलिसिसच्या मधे वाढणारे वजनही कमी. काढायचे पाणी कमी असले की वेग सौम्य राहतो आणि शेवटचा तास जड जात नाही.

युनिटचालकांनाही एक विनंती. व्हीनस प्रेशरचा (शरीरात परत जाणाऱ्या रक्ताच्या दाबाचा) अलार्म, सुई सरकणे, फिल्टरमध्ये रक्ताच्या गाठी होणे, यांत पंप बंद राहतो तो वेळ चार तासांत धरू नये. थांबलेली मिनिटे तक्त्यावर लिहावीत आणि शेवटी तेवढी वाढवून द्यावीत.

आपला,
एक डायलिसिस तंत्रज्ञ