सोनं दिलं, तरीही

रोम,
ऑक्टोबर

प्रिय वृंदा,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला. तू विचारलं होतंस, नाझी छावण्यांतून वाचलेल्या त्या म्हाताऱ्या ज्यू माणसांनी तीच ती हकिगत पुन्हा पुन्हा सांगून काय साधतं? प्रश्न खटकला, पण लगेच उत्तरही सुचलं नाही. परवा इथल्या जुन्या ज्यू वस्तीत पदयात्रेला गेले होते. १९९४ पासून दर ऑक्टोबरात ज्यू समाज आणि सांतएजिदिओ ही कॅथलिक संस्था मिळून ती काढतात. त्रास्तेव्हेरेहून निघायचं, नदी ओलांडून वस्तीत यायचं. १९४३ मध्ये ज्यूंना धरून न्यायला जिथे ट्रक उभे होते तिथे आता टेबलं मांडून पर्यटक तळलेले आर्टिचोक खात असतात. त्याचं मला काही वाटत नाही. वस्ती जिवंत आहे, हे बरंच.

आधी सोन्याचं सांगते, कारण मला राग त्याचा येतो. २६ सप्टेंबर १९४३ ला एसएस या नाझी दलाचा अधिकारी काप्लर याने ज्यू समाजाच्या प्रमुखांना बोलावलं. ३६ तासांत ५० किलो सोनं आणा, नाहीतर २०० माणसं उचलतो. लोकांनी रांगा लावल्या, अंगठ्या, साखळ्या, जे होतं ते काढून दिलं. काही ख्रिस्ती शेजारीही देऊन गेले. सोनं वेळेत पोचलं आणि सगळ्यांना वाटलं, सुटलो. वाटणारच गं! घरातलं सोनं दिल्यावर आणखी काय मागणार कोणी?

१६ ऑक्टोबर, शनिवार, शब्बाथचा, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीचा दिवस. पहाटे पावसात सैनिक दारोदार आले, हातात नावांच्या याद्या. बाराशेच्या वर माणसं धरली आणि व्हॅटिकनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, लष्करी कॉलेजात कोंडली. तिथे एक बाळही जन्मलं. काहींना सोडलं, बाकी हजाराहून जास्त जणांना १८ तारखेला तिबुर्तिना स्टेशनातून मालडब्यांत भरून आउश्वित्झच्या मृत्युछावणीत नेलं. परत आले १६. पंधरा पुरुष आणि एक बाई.

त्या बाईचं नाव सेत्तिमिया स्पिझ्झिकीनो. छावणीत डॉक्टरांनी तिच्यावर प्रयोग केले. शेवटी बेर्गेन-बेल्सेन या दुसऱ्या छावणीत ती प्रेतांच्या ढिगात लपून राहिली. १५ एप्रिल १९४५ ला सुटका झाली, त्या दिवशी ती २४ वर्षांची झाली. आई, दोन बहिणी, एक भाऊ, तान्ही भाची, सगळी गेली. पुढे ती शाळांतून बोलली, मुलांना घेऊन आउश्वित्झलाही गेली. मला ती आवडते कारण ती गरीब गाय नव्हती. तेव्हाचे पोप पायस बारावे आम्हाला सावध करू शकले असते, असं ती उघड म्हणायची. इतिहासकार त्यावर अजून भांडताहेत. तिला त्यांच्या निकालाची वाट बघायची नव्हती.

छावण्यांतून वाचलेले बाकीचे बरेच जण मात्र कितीतरी वर्षं गप्पच होते. सामी मोदियानोचंच बघ. तो मूळचा रोड्स बेटावरचा, आउश्वित्झच्याच बिर्केनाऊ भागात पोचला तेव्हा कोवळा पोरगा. तो म्हातारपणी बोलायला लागला, तेही छावणीतल्या जुन्या मित्राने, पिएरो तेर्राचिनाने भरीस घातलं म्हणून. तेव्हा ‘तीच ती हकिगत’ म्हणताना एवढं ध्यानात घे, की बऱ्याच जणांनी आयुष्यभरात ती फार थोड्या वर्षांतच सांगितली.

१६ ऑक्टोबरच्या धरपकडीतून परतलेल्यांपैकी शेवटचे लेल्लो दी सेन्यी २०१८ च्या ऑक्टोबरात वारले. त्याच डिसेंबरात मोंती भागात घरासमोर बसवलेल्या, मारलेल्यांची नावं कोरलेल्या २० पितळी खुणा कोणीतरी उखडून नेल्या. ७५ वर्षांनी, नावंसुद्धा नकोत! तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला या चोरीत सापडलं.

नववीच्या वर्गाला दुसरं महायुद्ध शिकवशील तेव्हा मारलेल्या साठ लाख ज्यूंच्या आकड्यापासून सुरुवात करू नकोस. सोन्याच्या रांगेपासून कर. पोरं विचारतील, मग पुढे काय झालं? त्यांनी काय काय विचारलं ते मला सविस्तर कळव. आणि उन्हाळ्यात खरंच येणार असलीस तर तिकिटाचं आत्ताच बघ, नंतर फार महाग होतात.

तुझी,
मेधा