भुऱ्यानं बिट्टी खाल्ली

प्रिय पम्या,

तब्येती सगळ्यांच्या ठीक. आईचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तसा दुखतोय, माझी शुगर आटोक्यात आहे. झालं. आता ज्यासाठी लिहायला बसलोय ते सांगतो. सोमवारी भुऱ्यानं बिट्टी खाल्ली. ऑफिसात सांगितलं तर लोक म्हणाले, "ससाच ना?" पुढं काही बोललोच नाही. लहानपणी आपल्या सशाला, पांढऱ्याला, मांडीवर घेऊन वाड्याच्या ओट्यावर रात्र काढलेला माणूस मला तुझ्याशिवाय दुसरा ठाऊक नाही. शिवाय बिट्टी, ते पिवळ्या फुलांचं विषारी झाड, म्हणजे कुठली, तर तू तपोवनातून आणलेली आणि अण्णांनी म्हसरूळच्या घरामागं लावलेली तीच.

श्रावणी सोमवार, आई कपालेश्वराला निघालेली. परडीत बेल, धोतऱ्याचं फूल आणि डहाळीसकट तोडलेली बिट्टी. परडी नेहमीसारखी देवघरापुढच्या पाटावर, आणि भुऱ्या सकाळी घरभर मोकळाच असतो. आई लुगडं बदलून बाहेर आली तर हा पाटाशी बसून चघळतोय. मी डहाळी हातात घेतली. पानाच्या कडेला दातांच्या बारीक खुणा ओळीनं उमटलेल्या, देठातून पांढरा चीक आलेला. त्याच्या हनुवटीखालचे केसही चिकानं चिकटले होते.

लहानपणी आपण बिट्ट्यांनी खेळून आलो की आजी हात धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, ते काय उगाच नव्हतं. हृदयरोग्यांना डिगॉक्सिन म्हणून औषध देतात ना, त्याच जातीचं विष बिट्टीत आणि कण्हेरीत असतं. पान, फूल, बी, चीक, सगळ्यात. ठोका मंदावतो, मग अडखळायला लागतो. माणसंही दगावतात, हा तर दोन किलोचा जीव.

शेजारच्या काकू धावत आल्या आणि पहिलं वाक्य काय, तर "मिठाचं पाणी पाजा, ओकून टाकेल." पम्या, माझ्या अंगावर काटा आला. पांढऱ्याला तेच पाणी पाजणारे भाऊकाका, पितळी फुलपात्र आणि तू, सगळं डोळ्यांपुढं उभं राहिलं. मी काकूंना हात जोडून थांबवलं. नंतर डॉक्टर मॅडमनी नीट समजावून सांगितलं. सशाला उलटी होतच नाही. जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती इतकी घट्ट असते की पोटात गेलेलं वर येऊ शकत नाही. मिठाच्या पाण्यानं ओकारी तर येत नाहीच, वर रक्तातलं मीठ वाढून नवीन दुखणं होतं. पाणी जबरदस्तीनं ओतलं तर फुप्फुसात जाण्याचीही भीती. दूध, तूप, तेल, लिंबू यांचाही काही उपयोग नाही. तू त्या उन्हाळ्यात भाऊकाकांशी सुट्टीभर बोलला नव्हतास. पांढऱ्यानं काय खाल्लं होतं ते कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही, पण पाण्याबद्दल तुझंच बरोबर होतं, हे आता माझ्याकडून लेखी घे. फाटकाबद्दल मात्र नाही. फाटक मी लावलं होतं.

ओल्या फडक्यानं हनुवटी पुसली, तोंडात पान राहिलं नाही ना ते पाहिलं. कुरतडलेली डहाळी पिशवीत घातली, कारण डॉक्टरला "काहीतरी पिवळ्या फुलाचं" सांगून भागत नाही. किती वाजता खाल्लं, अंदाजे किती पानं गेली, हे चिमीनं वहीत टिपलं. मग टोपलीत टॉवेल, थोडी लसूणघास, वरून सुती ओढणी. ससा घाबरला की त्या भीतीनंच खचतो, म्हणून अंधार आणि शांतता. आणि निघायच्या आधी फोन. हे फार महत्त्वाचं आहे पम्या, कारण नाशकात कुत्र्या-मांजरांचे डॉक्टर हवे तेवढे, पण सशाला हात लावणारे मोजके. पहिल्या ठिकाणी सरळ नाही म्हणाले. दुसरीकडे मॅडम म्हणाल्या, "काही पाजू नका, तसेच या, डहाळी आणा."

सोमवारची गर्दी, त्यात सिंहस्थाच्या नावानं खणलेले रस्ते. पंचवटीतून जायचा विचारच सोडला, मखमलाबादकडून गंगापूर रोडला उतरलो. चिमी मागं टोपलीवर हात ठेवून बसलेली. रडली नाही. माझंच बोलणं फुटत नव्हतं.

सशाचा ठोका मिनिटाला साधारण १८० ते २५० असतो, घाबरला तर त्याहूनही वर जातो. मॅडमनी बराच वेळ नळी लावून ऐकलं. भुऱ्याचा ठोका तेवढा नव्हता, आणि मधेच एखादा गळत होता. मग त्यांनी औषधी कोळसा पाण्यात कालवून सिरिंजनं थोडा थोडा दिला. वजनाच्या किलोमागे १ ते ३ ग्रॅम असं माप असतं. आतड्यातलं विष तो धरून ठेवतो, रक्तात जाऊ देत नाही. पण त्यासाठी पहिल्या दोनेक तासांतच पोचावं लागतं. घरचा जळका कोळसा चालत नाही, हेही मी विचारून घेतलं, कारण काकू ते सुचवणार हे मला माहीत होतं. (सुचवलंच.) मग कातडीखाली सलाइन, पोटदुखीचं इंजेक्शन. बिट्टीवर सहज मिळेल असा उतारा इथं नाही, ठोका सांभाळायचा आणि वाट बघायची.

परडीत धोतराही होता म्हणून मी घाबरत विचारलं. तर पुष्कळशा सशांच्या रक्तात धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपिन फोडणारं द्रव्यच असतं म्हणे. म्हणून त्याचं त्यांना आपल्याइतकं भय नाही. पण यातच एक मेख आहे. काही कीटकनाशकांची बाधा झाली की डॉक्टर एरवी अ‍ॅट्रोपिनच टोचतात, ते सशात लवकर फुकट जातं. तिथं दुसरं औषध लागतं. आपल्या नाशकात हे प्रत्येक ससेवाल्याला माहीत पाहिजे. दिंडोरीचा मामा द्राक्षाचा पाला आणून द्यायचा आणि भुऱ्या तुटून पडायचा. पाला चांगलाच, पण ऑक्टोबर छाटणीनंतर त्यावर काय काय फवारलेलं असतं ते मामालाच विचार. तो पाला आता बंद.

खरी परीक्षा घरी आल्यावर सुरू झाली. सशाचं आतडं सतत चालू राहावं लागतं. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही, लेंडी पडली नाही, की आतडं थंडावतं, वायू धरतो, आणि विषातून वाचलेला ससा त्यानं जातो. म्हणून उपास अजिबात नाही. सशाच्या खाद्याची भुकटी कोमट पाण्यात भिजवून सिरिंजनं भरवतोय. पुढच्या दातांमागं जी फट असते तिच्यातून, बाजूनं, एका वेळी थेंबभर, तो गिळेपर्यंत थांबून. सरळ घशात सोडायचं नाही. चिमीची वही आता लेंड्यांची वही झालीय: किती, केवढ्या, ओल्या की सुक्या. काल रात्री आल्या त्या मोहरीएवढ्या, वेड्यावाकड्या. पण आल्या. मी आईला हाक मारून दाखवल्या. तू असतास तर पेढे वाटले असतेस.

अजून मला स्वस्थ नाही रे. मधेच तो पाठ कमानीसारखी करून बसतो, दात करकर वाजवतो, म्हणजे पोटात दुखतंय. कान हाताला गार लागले की मी ताप बघायला घेतो. ३८.५ ते ४० सेल्सिअस असायला हवा, त्याखाली गेला तर वाईट. ससा दुखणं लपवतो, तेच मला सोसत नाही. आज मॅडम म्हणाल्या ठोका सरळ झालाय. सकाळी कोथिंबिरीची काडी त्यानं आपणहून ओढली. तरी रात्री उठून कान लावतोच.

घरात औषधांचा डबा कुणी उघडू नये म्हणून मी तो वर ठेवलाय. माणसाची अमॉक्सिसिलिन सशाला तोंडानं दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा दगावतो. कुत्र्याच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा फवाराही सशाला तसाच घातक. तुझी लेक ससा मागतेय म्हणून हे सगळं लिहितोय. गॅलरीतलं मनीप्लांट, डिफेनबाकिया, कण्हेर, घाणेरी आधी उचल. कांदा, लसूण, चॉकलेट त्याच्या तोंडाशी नको. आणि उंदरांच्या औषधाचं पाकीट कधी फेकू नकोस. त्यातली काही अशी असतात की खाल्ल्यावर दोन-तीन दिवस ससा हुंदडत असतो आणि मग आतून रक्त सुटतं. ठणठणीत दिसला तरी पाकीट घेऊन पळायचं. व्हिटॅमिन के वेळेत सुरू झालं तर वाचतो, पण ते कित्येक आठवडे द्यावं लागतं.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा? घराचं काम पुरं झालं की कळव, दिवाळीत येतो. पाठदुखीला व्यायाम कर, नुसता पट्टा बांधून हिंडू नकोस.

आता मुख्य काम. आई सोमवारपासून नीट जेवत नाही. "ज्यानं हलाहल पचवलं त्याच्याच परडीतलं खाल्लंय, तोच बघेल," असं त्या दिवशी म्हणाली, पण तेव्हापासून परडीला हात लावलेला नाही. पिंजऱ्यापाशी बसून असते. आणि काल तिनं माणूस सांगून ठेवला. शनिवारी बिट्टीचं झाड तोडायला येतोय. अण्णांच्या हातचं त्या घरात तेवढं एकच उरलंय, पम्या. झाडाचा काय दोष? मी परडीसाठी वर खुंटी ठोकलीय, मागच्या दाराला जाळी लावून घेतोय, भुऱ्या तिकडं जाणारच नाही. पण माझं ती ऐकत नाही, म्हणते "तुला त्या मुक्या जिवाचं काही नाही." मला! तुझं ऐकेल. लहानपणापासून तुझंच ऐकत आलीय, त्यावरून आपली भांडणंही झालीत.

तर शनिवारच्या आत फोन कर. संध्याकाळी सातच्या आधी, नंतर तिची मालिका असते. भुऱ्याची चौकशी आधी कर, झाडाचं मागून काढ. आणि रोप तू आणलं होतंस, हे तिला आठवण करून दे.

सिरिंजची वेळ झाली, उठतो.

तुझा,
सुध्या