शिबिरात हिमोग्लोबिन मोजता, मग फेरिटिनही मोजा

महोदय,

गणेशोत्सव आणि नवरात्राच्या निमित्ताने आमच्या लालबाग-परळ भागातली मंडळं आरोग्य शिबिरं भरवतात, हे चांगलंच आहे. पण बायकांची रक्ततपासणी तिथे हिमोग्लोबिनपाशी थांबते, फार तर थायरॉइडच्या टीएसएच तपासणीपर्यंत जाते. उमेदीची वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढलेली बाई म्हणून हे लिहिते आहे.

हिमोग्लोबिन १२ च्या वर आलं की ‘सगळं ठीक आहे, जरा आराम करा’ असं सांगतात. पहाटे पाणी भरून, डबे करून करी रोडला गाडी पकडणारी बाई आराम कधी करणार? शरीर आधी साठ्यातलं लोह वापरतं. साठा संपत आला की मग हिमोग्लोबिन उतरतं. नळाला पाणी येतंय म्हणून गच्चीवरची टाकी भरलेली आहे, असं चाळीतलं पोरही म्हणणार नाही. साठ्याचा अंदाज रक्तातल्या फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनावरून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार निरोगी प्रौढ व्यक्तीत ते लिटरला १५ मायक्रोग्रॅमच्या खाली गेलं तर लोहाची कमतरता धरतात. संसर्ग किंवा दाह असेल तर फेरिटिन वाढलेलं दिसतं, म्हणून तेव्हा ७० ची मर्यादा लावतात. नुकत्याच तापातून उठलेल्या बाईचा ‘नॉर्मल’ रिपोर्ट मला त्यामुळेच कधी पटत नसे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. हा आकडा हिमोग्लोबिनवरून काढलेला. ज्यांचा नुसता साठाच आटलाय, त्या यात नाहीत.

आमच्या मजल्यावरच्या वहिनींचं हिमोग्लोबिन १२.२ होतं, फेरिटिन ८. टीएसएच थोडं वाढलेलं, म्हणजे थायरॉइड मंदावत चाललेलं. थायरॉइड ग्रंथीत हार्मोन बनवणाऱ्या थायरॉइड पेरॉक्सिडेज या एन्झाइमला लोह लागतं. उलट थायरॉइड मंदावलं की कित्येकींना पाळीत अंगावरून जास्त जातं आणि लोह आणखी घटतं. म्हणून दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवूनच वाचावेत. (लोह वाढलं म्हणून थायरॉइडची गोळी आपल्या मनाने बंद करणाऱ्याही भेटतात. तसं करू नये.)

वहिनी लोहाची आणि थायरॉइडची, दोन्ही गोळ्या घेत होत्या, पण एकदमच, पहाटे, वर चहा. लोहाची गोळी थायरॉइडच्या गोळीतल्या थायरॉक्सिनला आतड्यात नीट शोषू देत नाही आणि चहा लोहाला. दोन गोळ्यांत ४ तासांचं अंतर हवं, थायरॉइडच्या आणि कॅल्शियमच्या गोळीतही तेवढंच. हे त्यांना ना दवाखान्यात कुणी सांगितलं, ना औषधाच्या दुकानात. आता लोहाची गोळी त्या ऑफिसात जेवणाआधी लिंबूपाण्याबरोबर घेतात.

फेरिटिनची तपासणी हिमोग्लोबिनपेक्षा महाग पडते, सरसकट सगळ्यांची करा असं मी म्हणत नाही. पण ज्यांची पाळी जास्त जाते, ज्या थायरॉइडची गोळी घेतात, ज्यांचं नुकतं बाळंतपण झालंय, तेवढ्यांची तरी मंडळांनी करावी. गोळ्यांची पाकिटं मात्र डॉक्टरांना न विचारता वाटू नयेत. थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषातही हिमोग्लोबिन कमी येतं आणि तिथे लोहाची गरज असतेच असं नाही. आणि अहवालासोबत ‘थायरॉइड व लोहाच्या गोळीत ४ तासांचं अंतर ठेवा’ एवढी एक मराठी ओळ छापून द्यावी. तिला देणगीदार शोधावा लागणार नाही.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, लालबाग, मुंबई