पक्या, गाडीला रंग देऊ नकोस

पुणे, रविवार रात्र

प्रिय पक्या,

तुझा मेसेज परवा आला तेव्हा मी धायरीला शेडवर होतो. बाबांच्या फियाटचे भंगारवाला अठरा हजार देतो म्हणतोय, डेंटिंग-पेंटिंगवाला दीड लाख मागतोय, काय करू तूच सांग, असं विचारलंस. हे मोबाईलवर दोन ओळीत सांगण्यासारखं नाहीये रे, म्हणून सरळ पत्र लिहायला बसलोय. लांबलं तर लांबलं, तिकडे तुला रविवारी वेळ असतो हे मला माहितीये.

आज सकाळी एरंडवण्यात जाऊन आलो. बिल्डिंग निम्मी रिकामी झालीये, वरच्या मजल्यावरचे सगळे गेले, जिन्यात जुन्या खिडक्या काढून ठेवल्यात आणि पार्किंगमध्ये बिल्डरने नोटीस चिकटवलीये की महिनाअखेरीपर्यंत सगळ्या गाड्या हलवा. सगळ्या गाड्या म्हणजे आता एकच, काकांची फियाट. मी रास्ता पेठेतल्या मिस्त्रींना बरोबर घेऊन गेलो होतो, तेच, काकांची गाडी कायम करायचे ते, आता सत्तरीच्या पुढे आहेत पण आले. त्यांनी गाडीवरचं कव्हर काढलं आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, नुसता बोनेटवरून हात फिरवला.

गाडी कशी आहे ते सांगतो. चारही टायर बसलेत, डाव्या बाजूचा खालचा पत्रा गंजलाय, बोट लावलं की पापुद्रा निघतो, पण वरचा सगळा पत्रा ठणठणीत आहे. मूळचा क्रीम रंग टपावर उडून खालचा प्रायमर दिसतोय. पुढच्या सोफ्याचं रेक्झिन फाटलंय, स्टेअरिंगजवळचा गिअरचा दांडा मात्र आजही चारही गिअरमध्ये जातोय, मिस्त्री म्हणाले हेच मोठं आहे. आणि मागच्या डाव्या दारावर तो पोचा तसाच आहे. डोणज्याला आपण रिव्हर्स घेताना दगडाला लावली होती तो. तू चालवत होतास, मी मागे उभा राहून "येऊ दे येऊ दे" म्हणत होतो. काका ओरडतील म्हणून आपण सिंहगडाच्या पायथ्याशी तासभर बसून राहिलो होतो आणि घरी आल्यावर ते फक्त म्हणाले, "तुम्हाला दोघांना लागलं नाही ना?" त्यानंतर तो पोचा त्यांनी कधीच काढून घेतला नाही.

पेंटिंगवाल्याशी मी फोनवर बोललो. तो म्हणतो सगळा रंग खरवडून काढतो, पोचे ठोकतो, लांबी म्हणजे पुट्टी भरतो, वर चकचकीत लाल-काळा डबल टोन मारतो, सीटला नवीन लेदर, पुढे नवीन पद्धतीचे दिवे, अगदी लग्नाच्या वरातीत भाड्याने लावता येईल अशी करून देतो. माणूस वाईट नाहीये, त्याचं काम तो चांगलं करतो. पण त्या दीड लाखात तुला जी गाडी मिळेल ती काकांची नसेल.

हे मी नुसतं भावनेच्या भरात सांगत नाहीये, यामागे एक गोष्ट आहे आणि ती तुला पूर्ण सांगायचीये.

बुलिट आठवतो ना? तुमच्या हॉलमध्ये व्हीसीआरवर पाहिलेला, काकांनी कॅसेट आणलेली. काकांना तो सिनेमा कितीही वेळा चालायचा आणि पाठलाग सुरू झाला की ते रिमोट हातात घेऊन बसायचे. सॅन फ्रान्सिस्कोचे ते चढउतार, हिरवी मस्टँग आणि पुढे काळी डॉज चार्जर, जवळजवळ अकरा मिनिटं. काका आपल्याला दाखवायचे की बघा, पाठलाग खरा सुरू झाला की संगीत बंद होतं, आता नुसती इंजिनं ऐका. आणि ती हिरवी बीटल गाडी, तीच तीच परत परत ओव्हरटेक होते, चार्जरच्या व्हीलकॅप चारपेक्षा जास्त वेळा उडतात, हे सगळं त्यांनीच आपल्याला शिकवलं. सिनेमा १९६८ चा आणि त्याला एडिटिंगचं ऑस्कर मिळालं, हे पण मला पहिल्यांदा त्यांच्याकडूनच कळलं.

तर त्या मस्टँग दोन होत्या. दोन्ही १९६८ च्या जीटी ३९० फास्टबॅक, दोन्ही त्याच गडद हिरव्या रंगाच्या, नंबर पण लागोपाठचे, चासी नंबरचे शेवटचे आकडे ५५८ आणि ५५९. एक उड्या मारायला आणि आपटायला, दुसरी स्टीव्ह मॅक्वीनला चालवायला. शूटिंग संपल्यावर दोन्ही गेल्या आणि नंतर चाळीस-पन्नास वर्षं त्या आहेत की नाहीत हेच जगाला माहिती नव्हतं. आपटायची गाडी तर भंगारात गेली असंच सगळे धरून चालले होते.

मॅक्वीनवाली गाडी आधी स्टुडिओतल्याच एका माणसाने घेतली, मग एका पोलीस डिटेक्टिव्हने, आणि १९७४ साली न्यू जर्सीतल्या रॉबर्ट कीर्नन नावाच्या माणसाने मासिकातली जाहिरात बघून घेतली. आणि काय केलं असेल? वापरली. त्याची बायको शाळेत शिकवायची, ती त्या गाडीने रोज शाळेत जायची. जगातली सगळ्यात प्रसिद्ध सिनेमातली गाडी शाळेच्या आवारात उभी असायची. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा काकूच आठवल्या, शनिवारी मंडईत जायच्या, डिकीत भाजीच्या पिशव्या आणि मागच्या सीटवर आपण तिघं.

१९७७ च्या डिसेंबरात खुद्द मॅक्वीनने कीर्ननला पत्र लिहिलं. त्याला गाडी परत हवी होती, बदल्यात दुसरी मस्टँग शोधून देतो म्हणाला, फार पैसे लागणार असतील तर मात्र राहू दे असंही लिहिलं. पक्या, विचार कर, एवढा मोठा नट स्वतः पत्र लिहितोय आणि हा नोकरदार माणूस गाडी देत नाही. घरची गाडी होती, दिली नाही, बस. १९८० साली गाडीचा क्लच गेला म्हणून ती गॅरेजमध्ये उभी राहिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात मॅक्वीन पण गेला. मग घरं बदलली, राज्यं बदलली, गाडी बरोबर फिरत राहिली पण उभी ती उभीच.

आता खरी गोष्ट ऐक. २००१ मध्ये फोर्डने बुलिटच्या नावाने नवीन मस्टँग काढली तेव्हा रॉबर्ट आणि त्याचा मुलगा शॉन दोघांनी आपली गाडी करायला घेतली. खोलली पण. मग संसार, नोकऱ्या, वडिलांना पार्किन्सन झाला, काम रेंगाळलं, आणि २०१४ साली वडील गेले. मुलाकडे उरली खोललेली गाडी. इथे तो काय करतो हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याने ती परत जोडली, चालू केली, पण रंगाला हात लावला नाही. गंज तसाच, रंग उडालेला तसाच, सिनेमाच्या वेळी कॅमेरे बांधायला गाडीला खाली जे वेल्डिंग केलं होतं ते पण तसंच. आणि जानेवारी २०१८ मध्ये डेट्रॉईटच्या ऑटो शोमध्ये ती तशीच, जुनाट, मळकट हिरवी, सगळ्या जगासमोर आणली. शेजारी फोर्डची नवीकोरी बुलिट उभी होती आणि लोक बघत होते ते हिच्याकडे. त्याच वर्षी वॉशिंग्टनला नॅशनल मॉलवर काचेच्या पेटीत ठेवली होती. २०२० च्या जानेवारीत लिलावात गेली, सगळं मिळून ३७ लाख ४० हजार डॉलर. आता कल्पना कर, शॉनने त्याआधी ती नीट खरवडून चकचकीत हिरवी करून घेतली असती तर? हजार हिरव्या मस्टँग मिळतात रे बाजारात. कॅमेऱ्याचं वेल्डिंग असलेली एकच.

आणि दुसरी, आपटायची. ती २०१७ मध्ये मेक्सिकोत बाहा कॅलिफोर्नियात भंगारात सापडली, पांढरा रंग मारलेली, गंजलेली, इंजिन नाही, गिअरबॉक्स नाही. ज्याने घेतली तो तिची भलत्याच एका सिनेमातल्या गाडीसारखी नक्कल करणार होता, काम सुरूच होणार होतं. चासी नंबर तपासला आणि थांबले. मग फोर्डच्या जुन्या नोंदींचा जाणकार केविन मार्टी स्वतः जाऊन बघून आला आणि म्हणाला हीच ती. कशावरून? पुढच्या सस्पेन्शनच्या जागी उड्या सोसायला जास्तीचा पत्रा मारून मजबुती केलेली होती, डिकीत शूटिंगच्या सामानासाठी पाडलेली भोकं होती. म्हणजे बघ, ती ओळखली गेली ती तिच्या ठिगळांवरून आणि भोकांवरून. एखाद्या नीटनेटक्या पेंटरच्या हाती आधीच लागली असती तर भोकं बुजवून लांबी मारून गुळगुळीत केली असती आणि मग कुणी कितीही शोधलं असतं तरी ती सापडली नसती.

पण तिला जशीच्या तशी ठेवून चालण्यासारखं नव्हतं, तिच्यात चालवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, तिला पत्रा, इंजिन सगळं घालून उभी करणं भागच होतं. ते मला मान्य आहे. सगळ्याच गाड्या तशाच ठेवा असं माझं म्हणणं नाहीये. जे गेलंय ते घाला, जे आहे ते काढू नका, एवढंच. तुझी गाडी पहिल्या मस्टँगसारखी आहे, दुसरीसारखी नाही. तिच्यात सगळं आहे. १०८९ सीसीचं मूळ इंजिन, मूळ कार्बोरेटर, काचेच्या कोपऱ्यात काकांनी लावलेला दगडूशेठचा स्टिकर, आणि ग्लोव्ह बॉक्समध्ये पेट्रोलची वही, प्रत्येक वेळचे लिटर, किलोमीटर आणि पैसे निळ्या शाईत लिहिलेले. शेवटची नोंद २०११ ची आहे. मी वही वाचत बसलो तर मिस्त्री बाहेरून म्हणाले, "साहेब शेवटपर्यंत स्वतः हवा चेक करायचे."

अजून एक गोष्ट, जरा कोरडी आहे पण उपयोगाची. सरकारने २०२१ साली जुन्या गाड्यांचा नियम काढलाय, पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, व्हीए अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, फी वीस हजार. रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशा कामापुरती रस्त्यावर काढता येते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल केलेले नकोत. तुझी १९७८ ची, म्हणजे २०२८ ला पन्नास पूर्ण. आज त्या पेंटरकडे दिली तर हा रस्ता पण अवघड होऊन बसेल. आणि कुर्ल्याच्या कारखान्यात आता फियाट बनत नाहीयेत रे, मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी, म्हणजे याच फियाटच्या, टॅक्सी पण २०२३ च्या ऑक्टोबरात बंद झाल्या. आहेत त्या आहेत.

आता मी काय ठरवलंय ते. मिस्त्रींनी आज चारही प्लग काढले आणि सिलेंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं, ते दोन-तीन दिवस मुरू द्यायचं आणि मग पान्याने पुली हाताने फिरवून बघायची, फिरली तर इंजिन जाम नाही. लगेच सेल्फ मारायचा नाही, तेवढी घाई केली तर पिस्टनच्या रिंगा जातील. टाकी काढून धुवायची, आत जुन्या पेट्रोलचा डिंक झालाय. ब्रेकचे सिलेंडर आणि सगळे रबरी पाईप नवीन, त्यात तडजोड नाही, कारण गाडी चालली पाहिजे आणि थांबली पण पाहिजे. नाना पेठेत बरंचसं मिळेल, उरलेलं बुधवारी जुन्या बाजारात शोधतो. डाव्या बाजूचा गेलेला पत्रा तेवढाच कापून नवा जोडायचा, तेवढ्याच भागाला क्रीम रंग, बाकी साबण-पाणी आणि पॉलिश. मिस्त्रींच्या अंदाजाने चाळीस ते पन्नास हजार. गाडी माझ्या शेडमध्ये राहील, भाडंबिडं काही बोलू नकोस. पोच्याला कुणी हात लावणार नाही, मिस्त्रींना सांगून ठेवलंय, ते म्हणाले सांगायची गरज नाही.

गुरुवारी सकाळी टोइंगवाला येतोय. फक्त एक अडचण आहे. आज काकू स्वतः खाली आल्या, दार उघडून दिलं, आमचं काम होईपर्यंत खुर्ची टाकून बसून राहिल्या, आणि झाल्यावर कुलूप लावून किल्ली मुठीत घेऊन वर गेल्या. मी म्हटलं काकू, गुरुवारी न्यायची आहे, किल्ली ठेवू का माझ्याकडे? तर म्हणाल्या, "आधी प्रकाशला माझ्याशी बोलू दे. तो नुसते मेसेज करतो."

बुधवारच्या आत फोन कर त्यांना. संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा त्या गॅलरीत बसलेल्या असतात.

तुझा,
बंड्या