पोरगी शेवटी बनणार काय, ते छापा ना

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या करिअर पुरवणीत सायन्स, बिझनेस अन् टेक्नॉलॉजी एकत्र शिकवणाऱ्या डिग्रीबद्दल अर्धं पान आलं होतं. पूर्ण वाचलं. पण त्यात 'अमाप संधी' एवढंच होतं, संधी कोणत्या ते कुठंच नाही. माझी पुतणी यंदा बारावी झाली, तिला हाच कोर्स करायचा आहे अन् घरचे सगळे एकच विचारून राहिले, इंजिनिअर नाही, डॉक्टर नाही, सीए नाही, मग पोरगी शेवटी बनणार काय?

मी हिंगणा एमआयडीसीत कारखान्यांसाठी सांडपाण्याचे प्लांट विकतो, 14 वर्षं झाली, त्यामुळे मला जे दिसते ते सांगतो. पाण्याचा सीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं एक माप, काऊन वाढला हे केमिस्ट्रीवाल्यालाच कळते, सेन्सरचा डेटा येते तो वाचणारा वेगळा लागते, अन् कंपनीच्या मालकाला यातलं काहीच ऐकायचं नसते, तो फक्त विचारते महिन्याचा खर्च किती अन् पैसा कधी वसूल होईल. आमच्याकडून तीन माणसं जातात अन् तिघं तीन भाषा बोलतात. तिन्ही गोष्टी समजणारं एक पोट्टं मिळालं ना, तर आम्ही त्याला दुसऱ्याच दिवशी कामावर घेऊ.

दुसरं काम पेटंट एजंटचं, म्हणजे कोणाच्या शोधाचा हक्क मिळवायला पेटंट ऑफिसात अर्ज करून देणारा. त्याला वकिलीची डिग्री लागतच नाही. पेटंट कायदा 1970, कलम 126, त्यात सायन्स, इंजिनिअरिंग किंवा टेक्नॉलॉजीची डिग्री, वय 21 पूर्ण अन् पेटंट ऑफिसची परीक्षा पास, असं आहे. बौद्धिक संपदेचं शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था आपल्याच नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे, राजीव गांधींच्या नावाची, तिच्यासमोरून रोज जाणाऱ्यांनाही माहीत नसते. नीरीसारख्या, पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या सरकारी लॅबमधलं तंत्रज्ञान कंपन्यांना देतात, तिथंही शोध समजणारा अन् सौदा समजणारा एकच माणूस असला तर किती बरं.

पण एक धोका आहे, तो तुमच्या पानात नव्हता म्हणून मुद्दाम लिहून राहिलो. डिग्रीवर नाव काय छापून येते ते ॲडमिशनच्या आधी पाहा. पेटंटच्या परीक्षेला सायन्सची डिग्री पाहिजे, नुसत्या मॅनेजमेंटच्या डिग्रीवर बसता येत नाही. माझ्या साळ्याच्या पोरानं बाहेरगावी असाच मिक्स कोर्स केला, मग एमएस्सी केमिस्ट्रीला अर्ज टाकला तर केमिस्ट्रीचे पेपर कमी पडले म्हणून नाही म्हणाले, पूर्ण वर्ष गेलं त्याचं, घरात फार वाईट वाटलं. एमबीएचं तसं नाही, कॅटला, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेला, कोणताही ग्रॅज्युएट चालते, ओपनला 50 टक्के लागतात. म्हणजे बिझनेसकडे कधीही जाता येते, पण सायन्सकडे परत यायचं असलं तर एक विषय तिन्ही वर्षं घट्ट धरून ठेवावा लागते. 2020 च्या शैक्षणिक धोरणानं विषय मिसळायला मोकळीक दिली हे चांगलंच झालं, पण ही गोष्ट पोरांना कॉलेजवाले सांगत नाहीत.

तर विनंती अशी की बुटीबोरी, हिंगणा, मिहानमध्ये असं मधलं काम करणाऱ्या चार-पाच लोकांना बोलवा, दिवसभर काय करता, पहिला पगार किती होता, काय शिकायचं राहून गेलं, हे विचारून छापा. पुतणीचा फॉर्म अजून भरायचा आहे, जमलं तर येत्या पुरवणीतच द्या.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर